पट्टीवरील आकडे

मोजपट्टीवर रेघा ओढणे सोपे आहे. त्यांपैकी कोणत्या रेघेखाली आकडा लिहावयाचा आणि कोणती रेघ मुकी ठेवावयाची, हे ठरविणे कठीण. शाळकरी मुलाच्या सहा इंची पट्टीवर पुऱ्या इंचाच्या रेघेखाली आकडा असतो, अर्ध्या इंचाची रेघ आखूड आणि मुकी असते, पाव इंचाची त्याहूनही आखूड. ही व्यवस्था कोणी समजावून सांगावी लागत नाही, इतकी ती नजरेला सरावाची झालेली आहे. पण हीच पट्टी एखाद्या मोठ्या भिंगाखाली धरली तर काय होईल? भिंगात तिसऱ्या आणि चौथ्या इंचांमधला एक तुकडा तेवढा दिसू लागेल. रेघा ठसठशीत दिसतील, परंतु त्यांत एकही आकडा नसेल. आणि या रेघा नेमक्या कोणत्या इंचातील आहेत, हे सांगावयास कोणी उरणार नाही.

संगणकाच्या पडद्यावरील आलेख हे असेच एक भिंग झाले आहे. सांताक्रूझच्या पर्जन्यमानाचा पन्नास वर्षांचा आलेख समोर असतो. पाहणारा दोन बोटांनी तो ताणतो. पन्नास वर्षांची पाच होतात, पाचाचा एक पावसाळा होतो, पावसाळ्याचा एक दिवस आणि दिवसाचे काही तास. आलेखाच्या तळाशी जेथे १९८०, १९९०, २००० असे लिहिले होते, तेथे आता महिने, मग तारखा, मग तास दिसले पाहिजेत. उभ्या अक्षावरील आकडेही त्याच बेताने बदलले पाहिजेत. ही अदलाबदल डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होते, आणि बरोबर झाली तर ती झाल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही. तिच्यामागे मात्र काही शतकांची खटपट उभी आहे.

या अडचणीवरचा सर्वांत जुना उपाय साधा होता: पट्टीच मोठी करा. पंधराव्या शतकात समरकंद येथे उलुग बेगाने सुमारे चाळीस मीटर त्रिज्येचा प्रचंड चाप बांधविला, तो याच हेतूने. आणि या विचारसरणीचे अखेरचे भव्य स्मारक जयपूर येथे आहे. सवाई जयसिंहास पितळेची यंत्रे समाधान देईनात. हातभर व्यासाच्या वर्तुळावर प्रत्येक अंशाचे साठ भाग पाडावयास जागाच पुरत नाही. म्हणून अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकात त्याचे दगडी सम्राट यंत्र उभे राहिले. त्याची उंची सुमारे २७ मीटर. त्याच्या तिरप्या भिंतीची छाया बाजूच्या चापांवरून सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर या वेगाने सरकते, त्यामुळे दोन-दोन सेकंदांच्या खुणा तेथे खरोखरच करता आल्या. परंतु सूर्य हा काही बिंदू नव्हे. त्याचे बिंब अर्ध्या अंशाचे आहे, म्हणून छायेची कड सुरीच्या धारेसारखी न पडता काही बोटे रुंदीच्या धूसर पट्ट्यासारखी पडते, आणि तो पट्टा वेळेच्या हिशेबाने सुमारे दोन मिनिटांच्या खुणा झाकून टाकतो. त्या पट्ट्याचा मध्य गाठण्यास निरीक्षकाचे कसब लागे. खुणा किती बारीक पाडता येतात हा एक प्रश्न. मोजावयाची वस्तू तितक्या बारकाईने कळते काय, हा निराळा.

युरोपात त्यापूर्वीच दुसरी वाट शोधली जात होती. पोर्तुगालचे गणिती पेद्रो नुनेस यांनी १५४२ साली एक युक्ती सुचविली: चतुर्थांश वर्तुळात एकाच्या आत एक असे चव्वेचाळीस चाप काढावेत, आणि बाहेरच्या चापाचे ९० भाग असतील तर आतल्यांचे अनुक्रमे ८९, ८८ असे करीत शेवटच्याचे ४६ भाग पाडावेत. दर्शक एखाद्या तरी चापाच्या रेघेवर नेमका पडेल, आणि मग त्रैराशिकाने अंश-कला काढता येतील. युक्ती बुद्धीची खरी, पण चापाचे ८९ समान भाग पाडून देणारा कारागीर आणावयाचा कोठून? टायको ब्राहे याने ती वापरून पाहिली आणि सोडून दिली. १६३१ मध्ये प्येर व्हर्निये या फ्रांश-कोंतेच्या गृहस्थाने ब्रुसेल्स येथे पुस्तक छापून या गुंत्यातून मार्ग काढला. चव्वेचाळीस चापांऐवजी एकच लहानशी सरकती पट्टी. मुख्य पट्टीच्या नऊ घरांच्या लांबीत हिची दहा घरे बसविली, की कोणती रेघ कोणत्या रेघेसमोर आली हे पाहून एका घराचा दहावा भाग वाचता येतो. शाळेच्या प्रयोगशाळेतील व्हर्नियर कॅलिपर तो हाच.

येथे यंत्राइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे वाचनाची रीत. व्हर्नियेच्या पट्टीवर आकडा एका जागी लिहिलेला नसतो. मोठा भाग मुख्य पट्टीवर वाचावयाचा, बारीक भाग सरकत्या पट्टीवर, आणि दोहोंची जोड डोक्यात घालावयाची. भारतीय सर्वेक्षण खात्याच्या नकाशांच्या जुन्या क्रमांकात हीच रीत दिसते. चार अंश लांब व चार अंश रुंद अशा भूभागास एक आकडा, त्याच्या सोळाव्या हिश्शास, म्हणजे एक अंशाच्या चौकोनास, एक अक्षर, आणि पुन्हा त्याच्या सोळाव्या हिश्शास, म्हणजे पंधरा कलांच्या चौकोनास, पुन्हा एक आकडा. पुणे शहर ४७ एफ/१४ या नकाशात सापडते. ४७ म्हटले की कोकणपट्टीपासून मराठवाड्यापर्यंतचा मुलूख, ४७ एफ म्हटले की पुण्याचा परिसर, आणि १४ म्हटले की शहराची वस्ती. प्रत्येक पायरीवर पूर्वीचे नाव पुसले न जाता त्यास फक्त एक शेपूट जोडले जाते. नकाशाच्या कडेलाही तोच शहाणपणा: कोपऱ्यावर अंश आणि कला दोन्ही लिहिलेल्या, मधल्या खुणांपाशी केवळ कला. जे सर्वांना समान ते एकदा लिहावे आणि जे बदलते तेवढेच ठायी ठायी लिहावे, हा नियम कारकुनी वहीतील ‘सदर’ आणि ‘किता’ या शब्दांइतका जुना असावा.

आलेखाचा अक्ष हा या मानाने अगदीच अलीकडचा. विल्यम प्लेफेअर याचा व्यापारविषयक आलेखसंग्रह १७८६ मध्ये लंडनला निघाला. त्यातील चव्वेचाळीस आलेखांपैकी त्रेचाळीस काळाच्या ओघाचे होते. डेन्मार्क-नॉर्वेशी इंग्लंडच्या झालेल्या व्यापाराचा आलेख पाहिला तर तळाशी १७०० पासून दशकादशकाने वर्षे लिहिलेली दिसतात, उजव्या कडेस पौंडांचे आकडे, आणि तळाच्या रेषेवर वर्षे असून उजवीकडील प्रत्येक घर दहा हजार पौंडांचे आहे, असा खुलासाही तेथेच कोरलेला आहे. नवख्या वाचकास अक्ष म्हणजे काय हेच ठाऊक नव्हते, तेव्हा हा खुलासा आवश्यकच होता. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला हा आलेख कोणी जवळ ओढू शकत नसे. म्हणून कोणते आकडे लिहावयाचे हा निर्णय एकदाच आणि कायमचा घेतला जाई.

सरकपट्टी, अर्थात स्लाइड-रूल, हे साधन मात्र स्वतःच्याच अंगावर जवळ-दूर दोन्ही बाळगून होते. १६२० च्या सुमारास निघालेले आणि १९७० नंतरच्या दशकात खिशातील गणकयंत्रांनी हद्दपार केलेले हे उपकरण अभियांत्रिकीच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या चांगले परिचयाचे आहे. तिच्यावरील घरे लघुगणकाच्या प्रमाणात आकसत जातात. एक आणि दोन यांमध्ये जागा ऐसपैस, म्हणून तेथे शंभराव्या भागाच्या खुणा. दोन ते चार यांमध्ये तितकी जागा नाही, म्हणून तेथे खुणा दोन शतांशांनी. चारच्या पुढे तर दाटी, म्हणून पाच शतांशांनी. एक, दोन, पाच! दहा इंची सरकपट्टी बनविणाऱ्यांनी हा क्रम स्वीकारला तो काही गणिती सिद्धांत मांडण्यासाठी नव्हे. तीन-तीनच्या किंवा सात-सातच्या खुणा मोजताना डोळा चुकतो, आणि दहाचे पूर्ण भाग पाडणारे लहान अंक दोन आणि पाच हेच आहेत, इतकेच त्यामागचे कारण.

खुणा तशाच राहिल्या आणि मोजमाप बदलले तर काय अनर्थ होतो, याचा धडा हृदयस्पंदनाच्या आलेखात, म्हणजे ई.सी.जी.त, मिळतो. त्याच्या कागदावर मिलिमीटरची लहान व पाच मिलिमीटरची मोठी घरे छापलेली असतात. कागद सेकंदास २५ मिलिमीटर या नेहमीच्या वेगाने सरकला तर मोठे घर म्हणजे एक पंचमांश सेकंद. लहरींचे बारकावे पाहण्यासाठी वैद्य कधी कधी वेग दुप्पट करतात. लहरी ताणून दिसतात. पण छापील घरे आहेत तशीच राहतात, आणि मोठ्या घराचा अर्थ गुपचूप एक दशांश सेकंद होऊन बसतो. पट्टी वाचणाऱ्याच्या हे लक्षात आले नाही, तर मिनिटास ८० ठोके पडणारे निरोगी हृदय त्याला ४० ठोक्यांचे भासेल. म्हणूनच कागदाच्या कडेवर वेग लिहिण्याची शिस्त आहे. ती एक ओळ नसेल, तर बाकीचा सारा आलेख खरा असूनही खोटा ठरतो.

यंत्राने आलेख काढण्याचा काळ सुरू झाला तेव्हा हा प्रश्न प्रथमच शब्दांत मांडावा लागला. १९५९ मध्ये कॅलकॉम्प कंपनीचे लेखणीने रेखाटणारे यंत्र बाजारात आले. माणूस आलेख काढतो तेव्हा तो कागदाकडे एकवार पाहतो आणि ‘दर पन्नासाला एक खूण ठीक’ असे ठरवितो. यंत्राला हे ‘ठीक’ कसे कळावे? १९६५ मध्ये डिक्सन आणि क्रॉनमल यांनी आलेखाचा आरंभबिंदू व प्रमाण निवडण्याविषयी दोन-तीन पानांचा लेख लिहिला. १९७३ मध्ये लेवार्ट यांची रीत प्रसिद्ध झाली. आणि १९९० मध्ये पॉल हेकबर्ट यांनी तीच गोष्ट इतक्या सुटसुटीतपणे सांगितली की पुढे अनेकांनी तीच उचलली. ती अशी. पाऊस ३७ ते ४६८ मिलिमीटर आहे आणि साधारण पाच घरे हवी आहेत असे समजू. अंतर ४३१, पाचाने भागले की ८६.२. ही संख्या सुबक नाही, म्हणून एक, दोन, पाच व दहा यांच्या पटीतील जवळची घ्यावयाची, म्हणजे १००. खुणा पडतात शून्य, १००, २०० अशा ५०० पर्यंत. आता पाहणाऱ्याने जवळ जाऊन २१२ ते २३९ एवढाच भाग घेतला. अंतर २७, घर ५.४, सुबक संख्या ५; खुणा २१०, २१५, २२० अशा २४० पर्यंत. दर वेळी हाच हिशेब नव्याने. प्लेफेअरने एकदा घेतलेला निर्णय यंत्र मिनिटाला शंभर वेळा घेते.

या ‘सुबक’ शब्दाची मात्र मौज आहे. लेलंड विल्किन्सन यांनी १९९९ मध्ये आणि त्यांची रीत पुढे नेणाऱ्या टॅलबट, लिन व हॅनराहन यांनी २०१० मध्ये खुणांच्या निवडीस गुण देण्याची पद्धत मांडली: आकडे साधे असावेत, आलेखाची सारी रुंदी त्यांनी व्यापावी, फार दाट वा फार विरळ नसावेत, आणि वाचता यावेत. त्यांच्या पसंतीच्या यादीत एक, पाच, दोन यांच्यामागून अडीचचा क्रम लागतो, मग चार आणि तीन. अडीचला स्वतंत्र शब्दच नसलेल्या भाषेत हा क्रम समजण्याजोगा आहे. पण ज्या समाजातील मुले पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी पाठ म्हणत वाढली, त्यास अडीच ही संख्या मुळीच आडवळणाची वाटू नये. रुपयाचे सोळा आणे होते तोवर भावांच्या तक्त्यावर चार, आठ आणि बारा आणे हीच सुबक स्थाने होती. आणि रुपया दहा घरांत बसविणाऱ्या दशांश चौकटीच्या कागदावर चार आणे नेमके अडीच घरांवर येत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, त्यांत १, २, ५ आणि १० पैसे होते, म्हणजे सरकपट्टीचाच क्रम. तरीही जुनी पावली २५ पैशांचे नवे रूप घेऊन २०११ पर्यंत चलनात राहिली. सुबकपणा निसर्गाने ठरवून दिलेला नाही. तो सवयीचा आहे.

सर्वांत अवघड प्रकरण काळाचे. येथे दहाची पट चालत नाही. सेकंदांचे साठ, तासांचे चोवीस, महिन्याचे कधी अठ्ठावीस तर कधी एकतीस दिवस, आणि आठवडा तर बहुतेक महिन्यांत नीट बसत नाही. १९९३ मध्ये पर्लिन व फॉक्स यांनी आणि १९९४ मध्ये बेडरसन व हॉलन यांनी अमर्याद ताणता येणाऱ्या पडद्याची कल्पना मांडली. या दुसऱ्या जोडीच्या विवेचनात घड्याळाचा दाखला येतो: घड्याळ जवळ घेतले म्हणजे त्याचे आकडे नुसते फुगू नयेत, तर त्यात सेकंद दिसू लागावेत. मोठे करणे आणि अधिक सांगणे यांतील हा भेद मार्मिक आहे. २०११ मध्ये निघालेल्या डी-थ्री या आलेखनाच्या आज्ञासंचात काळाच्या पायऱ्यांची यादीच दिलेली आहे: सेकंद व मिनिटे १, ५, १५, ३० यांनी, तास १, ३, ६, १२ यांनी, दिवस एक किंवा दोन, मग आठवडा, महिना, तिमाही, वर्ष. शिवाय तासांच्या रांगेत मध्यरात्रीची खूण आली की तेथे तासाऐवजी तारीख, आणि महिन्यांच्या रांगेत जानेवारी आला की तेथे वर्ष. सर्वेक्षण खात्याच्या नकाशाच्या कोपऱ्याशी याचे साम्य उघड आहे.

पण पायऱ्या बरोबर असूनही आकडा फसवू शकतो. सांताक्रूझच्या आलेखात २००५ सालच्या जुलैशी थांबावे. तेथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद आहे. भारतीय हवामान खात्याचा पर्जन्यदिन सकाळी साडेआठ वाजता संपतो, आणि त्या दिवसाचा पाऊस संपण्याच्या तारखेवर मांडला जातो. म्हणून दिवसवार आलेखात हा स्तंभ २७ जुलै या आकड्यावर उभा राहतो. मुंबईकरांच्या स्मरणात मात्र तो प्रलय २६ जुलैचा आहे, आणि पाणी मुख्यतः पडले तेही २६ तारखेच्या दुपारी व सायंकाळी. पाहणारा दिवसावरून तासांवर उतरला म्हणजे स्तंभ एकाएकी एक तारीख मागे सरकल्यासारखा दिसतो. नोंद चूक नाही, पाऊसही चूक नाही. चूक एवढीच की चोवीस तासांच्या अवधीचे नाव एका बिंदूखाली लिहिले गेले. भर म्हणून, आलेख जागतिक वेळेवर चालत असेल तर त्यातील मध्यरात्रीची खूण भारतात पहाटे साडेपाचला पडते. अशा ठिकाणी अवधी कोठे सुरू होतो व कोठे संपतो हे कडेवर लिहिणे, ई.सी.जी.वर कागदाचा वेग लिहिण्याइतकेच अगत्याचे आहे.

याहून वाईट प्रकार माणसाच्या हस्तक्षेपाने होतो. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूचे विद्युत्-लेख पाहण्याच्या गरजेतून जॉन हंटर (१९६८–२०१२) या मेंदूविज्ञानाच्या अभ्यासकाने मॅटप्लॉटलिब हा आज्ञासंच लिहिला. तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काम दोघांत वाटलेले आहे: एक घटक खुणा कोठे पाडाव्यात हे ठरवितो, दुसरा त्यांखाली काय लिहावे हे. वाटणी चोख आहे. परंतु एखादा घाईचा मनुष्य दुसऱ्या घटकाच्या हाती ‘जानेवारी, फेब्रुवारी, मार्च’ अशी तयार यादी देतो आणि पहिल्यास मोकळे सोडतो. आलेख जवळ घेतला की पहिला घटक इमानाने नव्या खुणा पाडतो, आणि दुसरा हातातील यादी क्रमाने वाटत सुटतो. पडद्यावर जूनचा मध्य असतो, खाली लिहिलेले असते जानेवारी! उलट, खुणाही हाताने पक्क्या केल्या तर आकडे खरे राहतात, पण जवळ जाताच ते दृष्टीबाहेर निघून जातात आणि भिंगाखालच्या पट्टीसारखा मुका अक्ष उरतो. या दोन दोषांत दुसरा शतपटीने बरा. २०२० मध्ये निघालेल्या ३.३ या आवृत्तीपासून पहिल्या प्रकाराबद्दल आज्ञासंच स्वतःच इशारा देऊ लागला.

त्याच आवृत्तीत आणखी एक फरक झाला. तोवर तारखा इसवी सनाच्या आरंभापासून दिवसांत मोजल्या जात, त्यामुळे आजचा दिवस म्हणजे सात लाखांवरची संख्या. संगणकाच्या दशांशांची लांबी ठरलेली असल्याने एवढ्या मोठ्या संख्येमागे सेकंदाच्या लाखाव्या भागाच्या आसपासच बारकावा उरे, आणि त्याखाली उतरणाऱ्यास खुणा एकमेकींवर चढलेल्या दिसत. आता मोजणी १ जानेवारी १९७० पासून होते, आणि तळ बराच खाली गेला आहे. जयपूरच्या छायेची धूसर कड येथे निराळ्या वेषात भेटते.

राहिला प्रश्न अक्षरांचा. खुणा दहाच्या पटीत पडत असल्याने त्यांची स्थाने मुंबईत आणि लंडनमध्ये सारखीच येतात. खाली लिहिलेले मात्र सारखे वाचले जात नाही. अर्थसंकल्पाचा आलेख उघडला तर एका कोटीच्या खुणेखाली ‘१०एम’ आणि एक अब्जाखाली ‘१जी’ असे लिहिलेले पुष्कळदा आढळते, आणि लाख-कोटींत विचार करणाऱ्या वाचकास प्रत्येक खुणेपाशी मनातल्या मनात भाषांतर करावे लागते. डी-थ्रीच्या देशवार नोंदींत भारतासाठी स्वल्पविरामाचे गट तीन, मग दोन-दोन असे दिलेले आहेत. त्या वापरावयाच्या की नाही, हे आलेख मांडणाऱ्यावर सोपविलेले आहे.